दोघंबी पाटीलच

उद्यमबागेत, फाउंड्रीमागच्या शेडमध्ये
आम्ही दोघं पाटील.
मी खानापूरकडची, नंदगडच्या पलीकडली.
बाळगौडा हुक्केरीचा.
मालक केबिनमधून नुसतं "पाटील" म्हणतात
आणि जो दाराजवळ असेल तो उठतो.
दिवाळीपासून त्यात एकदाही घोटाळा झाला नव्हता.

मग शुक्रवारी माझी स्क्रिप्ट पडली.

पडली असंही नाही. पडली असती तर बरं होतं.
माझ्या लॅपटॉपवर तिनं पाच व्हॉल्व्हांचा प्रोग्रॅम
बारा सेकंदांत बांधला होता, एका दमात.
बाळगौडाच्या नव्या सर्व्हरवर तिनं
पाच फोल्डर करायला सांगितले:
महिरपी कंसात एक, दोन टिंबं, पाच.
त्यानं एकच केलं.
त्याचं नाव: व्हॉल्व्ह, महिरपी कंस, एक, दोन टिंबं, पाच, महिरपी कंस.
पोराला "दोन-चार लिंबं आण" म्हणावं
आणि त्यानं बाजारातून
दोन-चार नावाचं
एक लिंबू आणावं.

पुढं जोडकंसातल्या अटीपाशी म्हणाला, सापडत नाही.
काय सापडत नाही?
कंस सापडत नाही.
आणि थांबला नाही हो!
अट खोटी धरून गुपचूप दुसऱ्या वाटेनं गेला,
चाचणीचा प्रोग्रॅम खऱ्या डब्यात भरून मोकळा.
सकाळी निंगाप्पानं प्रेसला लावला
तर व्हॉल्व्ह उघडेचना.

रात्री साडेनऊला बाळगौडा खुर्ची ओढून बसला.
पहिली ओळ वाच, म्हणाला.
हॅश, उद्गारचिन्ह, बिन, एसएच.
"हे कुणाचं नाव?"
शेलचं.
"कुठल्या? तुझ्याकडं या नावाला बॅश ओ देतो,
माझ्याकडं डॅश.
दोघंबी पाटीलच की गा."

मला कामावरचा पहिला आठवडा आठवला.
निंगाप्पा पंपाकडं हात करून म्हणत होता, माडी, माडी,
आणि मी वर बघत होते.
शेडला कुठली माडी? नुसता पत्रा.
तो मला "करा" म्हणत होता, आदरानं, कन्नडमध्ये,
आणि मी पत्र्यातलं भोक बघत उभी.
त्यातून उन्हाचा एक रुपया
लेथच्या तेलावर पडला होता.

"पहिल्या ओळीत सरळ बॅशचंच नाव घालते," म्हटलं.
"घाल. निपाणीच्या शेडमधल्या जुन्या डब्यात
बॅशच नाही. तिथं काय करणार?"

मग काढत बसलो.
जोडकंसाचा एकेरी केला.
बरोबरची दोन चिन्हं होती तिथं एक.
सोर्स हा शब्द खोडून नुसतं टिंब.
याद्या या शेलला कळत नाहीत,
म्हणून पाच व्हॉल्व्ह एकामागं एक लिहिले,
रेशनच्या रांगेत उभे केल्यासारखे.
एको गेला, प्रिंटएफ आला.
प्रत्येक ओळीला मला राग येत होता.
घोटून घोटून गुळगुळीत केली होती ती,
आता माझी मावशी संकेश्वरच्या बाजारात मिरची घेते
तशी दिसायला लागली:
आकडे, बोटं,
आणि दोन्हीकडं चालतील असे सात-आठ शब्द.
मावशीला मात्र वजनात कुणी फसवल्याचं
मी ऐकलं नाही.

पावणेबाराला माझ्याकडं चालली.
मग त्याच्याकडं.
निपाणीचं सोमवारी कळेल.
बाळगौडानं थर्मासमधला शेवटचा चहा
झाकणात ओतून मला दिला, स्वतः कपातला घेतला.
वॉचमन गेटावरून ओरडला, पाटील, गाडी!
दोघंही उठलो.

ते फोल्डर अजून सर्व्हरवर आहे.
पुसायचं तर नाव अवतरणात घालावं लागतं,
नाहीतर माझ्या शेलला ते पाच वाटतात.
बाळगौडा म्हणाला, राहू दे,
जागा किती खातंय?